देनिस्युकांची मांडणी घरच्या टेबलावर: फोटोपॉलिमर प्लेटच्या होलोग्राम संचाचे परीक्षण

लाल डायोड लेसर, फोटोपॉलिमरचा (प्रकाश पडला की रेणू जुळून पक्के होणाऱ्या द्रव्याचा) थर चढवलेल्या काचेच्या छोट्या प्लेटा, प्लेट उभी धरणारा स्टँड आणि अंधारात वापरायचा मंद निळा दिवा. घरगुती होलोग्राम संचात साधारण एवढेच सामान येते. डेव्हलपर नाही, ब्लीच नाही, प्लेट धुणे-वाळवणे नाही. प्रकाश द्यायचा, थांबायचे आणि प्लेट उचलून दिव्याखाली धरायची. एवढ्याशा सामानात खरा होलोग्राम निघतो का? निघतो, आणि नीट केला तर फार सुंदर निघतो. वेष्टनावरच्या चमकत्या शिक्क्यासारखा नव्हे. काचेमागे नाणे खरोखर पडलेले आहे असे वाटून हात मागे जावा, असा.

तरीही पहिल्या दोन-तीन प्लेटा कोऱ्या निघाल्या म्हणून संच कपाटात टाकून देणारे पुष्कळ आहेत. चूक बहुतेक वेळा सामानात नसते. सोबतच्या पुस्तिका ‘असे करा’ इतकेच सांगतात, ‘का’ ते सांगत नाहीत, आणि या कामात ‘का’ कळल्याशिवाय हात बसत नाही. म्हणून आधी ही मांडणी कोणाची आणि ती अशी का आहे, ते पाहू.

गाबॉर नव्हे, देनिस्युक

होलोग्राफी म्हटले की डेनिस गाबॉर यांचे नाव आधी येते, आणि ते रास्तच आहे. १९०० साली बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या गाबॉर यांनी १९४७ मध्ये इंग्लंडमधील रग्बी येथे, ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीत असताना, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा सुधारण्यासाठी ही कल्पना काढली. त्यासाठी त्यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण संचात जी मांडणी येते ती गाबॉर यांची नाही. ती सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ युरी निकोलायेविच देनिस्युक यांची आहे.

देनिस्युक यांचा जन्म २७ जुलै १९२७ चा, सोचीचा. लेनिनग्राडच्या (आजचे सेंट पीटर्सबर्ग) सूक्ष्मयांत्रिकी व प्रकाशिकी संस्थेतून १९५४ मध्ये पदवी घेऊन ते वाविलोव प्रकाशिकी संस्थेत लागले. १९५८ च्या सुमारास त्यांनी एका ध्यासाने काम सुरू केले: वस्तूची सावली किंवा चित्र नको, तिच्यावरून निघणारी प्रकाशलहरच पकडायची. धागा त्यांना फ्रान्सच्या गाब्रिएल लिपमन यांच्या कामात सापडला. लिपमन यांनी १८९१ मध्ये अतिसूक्ष्म कणांच्या इमल्शनमागे (छायाचित्राच्या प्लेटवरच्या प्रकाशसंवेदी थरामागे) पाऱ्याचा आरसा ठेवून रंगीत छायाचित्र मिळवले होते. येणारा आणि आरशावरून उलटलेला प्रकाश इमल्शनच्या आत भेटतो आणि तिथे पातळ स्तरांची चळत नोंदली जाते. देनिस्युक यांनी आरसा काढून त्याच्या जागी वस्तूच ठेवली. त्यांची संपूर्ण पद्धत या एका बदलात आहे.

त्या वेळी लेसर नव्हता, पाऱ्याचा दिवा होता. त्याच्या प्रकाशाची सुसंगतता, म्हणजे लहरींची एकमेकींशी जुळलेली लय, फार थोड्या अंतरापुरती टिकते, म्हणून वस्तू प्लेटला जवळजवळ चिकटूनच ठेवावी लागे. त्यांच्या सुरुवातीच्या वस्तू म्हणजे किंचित फुगीर आरसे. १९६२ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या ‘दोक्लादी’ या नियतकालिकात निबंध आला. मायदेशात त्याचे स्वागत थंडच झाले. १९६४ मध्ये मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि युरिस उपात्निएक्स यांनी लेसरने केलेले खोलीदार होलोग्राम जगाने पाहिले, तेव्हा लेनिनग्राडमधल्या या कामाचे मोल लोकांच्या लक्षात आले. १९७० मध्ये देनिस्युक यांना लेनिन पारितोषिक मिळाले. १४ मे २००६ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांचे निधन झाले.

हा इतिहास इथे मुद्दाम दिला, कारण संचाचा स्वस्तपणा त्यातूनच आला आहे. लीथ-उपात्निएक्स पद्धतीत किरण दोन वाटांनी न्यावा लागतो. किरण दुभागणारी काच, आरसे, भिंगे आणि त्या प्रत्येकाचे पक्के धारक लागतात. दोन्ही वाटांची लांबी जुळवावी लागते, आणि जितके भाग जास्त तितक्या हलण्याच्या जागा जास्त. देनिस्युक यांच्याकडच्या प्रकाशाची सुसंगतता तोकडी होती, म्हणून त्यांनी दोन्ही वाटांतला फरक जवळजवळ शून्यावर आणला. वस्तूचा एखादा बिंदू प्लेटपासून ३ सेंटीमीटर मागे असेल तर दोन किरणांच्या वाटेत फरक पडतो फक्त सुमारे ६ सेंटीमीटरचा. साध्या डायोड लेसरला तेवढे झेपते. पाऱ्याच्या दिव्याच्या मर्यादेतून निघालेली मांडणीच आज स्वस्त लेसरला सर्वांत सोयीची ठरली आहे.

थराच्या आत काय घडते

लेसरचा पसरता झोत प्लेटवर पडतो, हा संदर्भ किरण. प्लेट पारदर्शक असल्याने बराच प्रकाश पलीकडे जाऊन वस्तूवर आदळतो आणि मागच्या बाजूने पुन्हा थरात शिरतो, हा वस्तू किरण. समोरासमोरून आलेल्या या दोन किरणांच्या व्यतिकरणातून (लहरी एकमेकींत मिसळून कुठे उजेड, कुठे अंधार होण्यातून) प्लेटच्या पृष्ठभागाला साधारण समांतर असे पट्टे तयार होतात. ६३८ नॅनोमीटरचा लाल प्रकाश आणि थराचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो याचे माप) १.५ धरला तर दोन पट्ट्यांतले अंतर येते सुमारे २१३ नॅनोमीटर. थर १६ मायक्रॉनचा असेल तर त्यात असे ७५ च्या आसपास स्तर बसतात. प्रकाश जास्त पडतो तिथे मोनोमर, म्हणजे सुटे लहान रेणू, जुळून बहुलक ही त्यांची लांब साखळी बनते, शेजारचा मोनोमर तिकडे सरकतो आणि अपवर्तनांकाचा फरक कायमचा कोरला जातो. हे स्तर पुढे पांढऱ्या प्रकाशातून आपल्याच तरंगलांबीचा प्रकाश निवडून परत पाठवतात, म्हणून पाहताना लेसर लागत नाही.

आता हलण्याचे गणित. वस्तू प्लेटच्या दिशेने ३२० नॅनोमीटर सरकली की पट्टा एक पूर्ण घर सरकतो. प्रकाशनाच्या, म्हणजे प्लेटवर लेसरचा प्रकाश पाडण्याच्या, काळात हे सावकाश घडले तर नोंद पुसूनच जाते. उजळ प्रतिमेसाठी हालचाल ५०-६० नॅनोमीटरच्या आत राहायला हवी, आणि तीही काही मिनिटे. डोळ्याला न दिसणारी ही हालचालच कोऱ्या प्लेटांचे पहिल्या क्रमांकाचे कारण आहे.

लेसर: संचाचा जीव

चांगल्या संचात डायोडपुढचे भिंग काढलेले असते, आणि ते तसेच असायला हवे. उघड्या डायोडचा झोत आपोआप पसरतो आणि त्यात भिंगावरच्या धुळीची वर्तुळे उमटत नाहीत. झोत लंबवर्तुळाकार असतो: एका दिशेने साधारण ८ अंश, दुसऱ्या दिशेने ३० अंश.

डायोड थंड असताना तरंगलांबी एका स्थितीतून दुसरीत उडी मारते. अशी एक उडी प्रकाशनाच्या मध्ये आली की काम फुकट. म्हणून लेसर निदान १० मिनिटे आधी चालू करून ठेवावा आणि प्रकाश काळ्या पुठ्ठ्याने अडवावा. बटण दाबून प्रकाशन सुरू करणे ही सरळ चूक आहे. बटणाच्या धक्क्याने टेबल हलते आणि डायोडही तापत राहतो. उतरत चाललेल्या बॅटऱ्या हेही उड्यांचे नेहमीचे कारण.

लेसर धड आहे का हे प्लेट वाया न घालवता तपासता येते. ५-६ मिलिमीटर जाडीची साधी काच झोतात तिरपी धरून पक्की करा आणि तिच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश भिंतीवर पाहा. काचेच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागावरून आलेल्या प्रकाशाचे पट्टे दिसतील. ते स्थिर राहिले तर उत्तम. मध्येच झटका देऊन सरकले तर डायोड उड्या मारतो आहे, आणखी थांबा. फिकट झाले किंवा दिसतच नसले तर तो लेसर या कामाचा नाही. ही चाचणी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असायला हवी होती.

लेसर ५ मिलिवॅटचा असला तरी झोतात डोळा घालायचा नाही. झोत पसरलेला असल्याने लांबून धोका कमी होतो, डायोडच्या जवळ नाही.

प्रकाशन किती वेळ

फोटोपॉलिमरला दर चौरस सेंटीमीटरला २० मिलिजूलच्या आसपास ऊर्जा लागते असे धरा. ५ मिलिवॅटचा उघडा डायोड प्लेटपासून २५ सेंटीमीटरवर असेल तर झोताच्या मधल्या भागात दर चौरस सेंटीमीटरला ७० मायक्रोवॅटच्या आसपास प्रकाश मिळतो, म्हणजे साधारण ५ मिनिटे. पण त्या अंतरावर झोताची अरुंद बाजू जेमतेम साडेतीन सेंटीमीटर असते, त्यामुळे ५ सेंटीमीटर रुंद प्लेटच्या कडा अंधुक राहतात. ३५ सेंटीमीटरवर प्लेट बऱ्यापैकी एकसारखी उजळते आणि वेळ १० मिनिटांच्या आसपास जातो. ५० सेंटीमीटरवर २० मिनिटे. अंतर दुप्पट केले की वेळ चौपट. त्यापुढे जाण्यात अर्थ नाही, कारण तेवढा वेळ टेबल स्थिर ठेवणे अवघड, शिवाय फारच मंद प्रकाशात बहुलकीकरण नीट सुरू होत नाही. ३० ते ३५ सेंटीमीटर ही आमच्या मते सर्वांत शहाणी जागा. किंचित जास्त प्रकाश दिल्याने फारसे बिघडत नाही, कमी दिल्याने प्रतिमा मलूल येते.

प्रकाश प्लेटवर सरळ काटकोनात नको. वरून किंवा बाजूने ४५ ते ५५ अंशांनी यावा. त्यामुळे पाहतानाचा दिवाही तिरपा ठेवता येतो आणि काचेची चकाकी डोळ्यात येत नाही. लेसर स्वतःभोवती ९० अंश फिरवून पाहा: ज्या स्थितीत काचेवरची चकाकी सर्वांत मंद होते, ती स्थिती घ्या आणि झोताची लांब बाजू जिकडे येईल तिकडे प्लेटची लांब बाजू करा. काचेच्या आतल्या आत होणारे परावर्तन यामुळे घटते. हे परावर्तन राहिले तर प्रतिमेवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी उमटते.

वस्तू निवडताना

पहिली वस्तू म्हणून नाणे घ्या. शिंपला, चिनी मातीची लहान मूर्ती, ओतीव धातूची खेळण्यातली गाडी, हेही चालते. वस्तू घट्ट हवी आणि लाल प्रकाशात उजळ दिसायला हवी. लाल, पांढरी, सोनेरी, चंदेरी वस्तू उत्तम. निळी-हिरवी वस्तू लेसरखाली काळी पडते आणि होलोग्राममध्येही काळीच येते. कापड, कागद, पान, फूल, पातळ प्लास्टिक यांच्या वाटेला जाऊ नका. ते हवेच्या झुळकीने आणि ओलाव्याने सतत हलतात, आणि प्लेटवर त्यांच्या जागी वस्तूच्या आकाराची काळी पोकळी उमटते.

वस्तू तळाला चिकटवताना मळणारी चिकणमाती किंवा दुहेरी टेप वापरू नये. दोन्ही तासन्‌तास सावकाश बसत राहतात. इपॉक्सी किंवा झटपट चिकटणारा गोंद घ्या आणि तो पूर्ण वाळू द्या. बंदुकीतला गरम गोंद निवताना आकसतो, तो वापरलाच तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. वस्तू प्लेटला टेकली तर सर्वांत चांगले. नाण्यावर प्लेट आडवी टेकवून वरून तिरपा प्रकाश देणे ही सर्वांत खात्रीची मांडणी आहे. उभ्या स्टँडपेक्षा तीच आधी करावी. संचातला स्टँड हा आमच्या दृष्टीने सर्वांत दुबळा भाग. प्लेट खाचेत नुसती उभी राहते, घट्ट धरली जात नाही. खाचेत दोन बाजूंनी पाचर ठोकली की मगच तो भरवशाचा होतो.

टेबल आणि शांतता

महागडे प्रकाशीय टेबल लागत नाही. २०-२५ किलोची दगडी फरशी आणि तिच्याखाली अर्धवट फुगवलेली सायकलची ट्यूब एवढ्याने काम भागते. ट्यूब टणक फुगवली तर ती धक्का जसाच्या तसा वर पोचवते. फरशी बोटाने ढकलल्यावर सावकाश डुलली पाहिजे. लेसर, प्लेट आणि वस्तू तिन्ही त्याच फरशीवर. अडवण्याचा पुठ्ठा मात्र फरशीला न टेकणारा. पंखा बंद, फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद, खिडक्या बंद. प्लेटवरून वाहणारी उबदार हवाही पट्टे हलवते, म्हणून मांडणीवर खोके झाकणे फायद्याचे, फक्त ते फरशीला चिकटता कामा नये.

निळ्या दिव्याचा प्रकाश प्लेटवर थेट नको, भिंतीवर पाडावा. प्लेट लावताना थराची बाजू वस्तूकडे. ती लावून झाली की लगेच प्रकाश देऊ नये. हाताच्या उबेने काच प्रसरण पावलेली असते, ती स्थिरावायला १० मिनिटे द्या. मग पुठ्ठा आधी अलगद उचलून झोतातच धरा, दहापर्यंत मोजा आणि मग बाजूला घ्या. प्रकाशन चालू असताना खोलीत बोलणेही नको, चालणे तर नाहीच. शेवटी पुठ्ठा परत आणा आणि प्लेटला भरपूर पांढऱ्या प्रकाशात किंवा उन्हात काही मिनिटे ठेवा. थरातली रंगाची छटा उडून तो नितळ झाला की उरलेला मोनोमर संपला, प्लेट पक्की झाली.

बिघाड वाचायला शिका

फसलेली प्लेट फेकू नका, ती कारण सांगते. प्लेट पूर्ण कोरी असेल तर एक तर प्लेट हलली किंवा लेसरने उडी मारली. वस्तूखालचा तळ उजळ आणि वस्तू काळी असेल तर वस्तू सुटी होती. वस्तूवर आडवे काळे पट्टे दिसले तर ती प्रकाशनाच्या काळात किंचित कलली, पट्टे जितके दाट तितका कल जास्त. सगळी प्रतिमा दिसते पण मंद, असे झाल्यास वेळ दीडपट करून पाहा. फरक पडला नाही तर दोष पुन्हा हालचालीचाच. एका कडेकडे प्रतिमा विरत जात असेल तर झोत मध्यावर बसलेला नाही. आणि प्रतिमा अगदीच नाही असे ठरवण्याआधी प्लेट दिव्याखाली सर्व बाजूंनी फिरवून पाहा. उलट धरलेल्या प्लेटमध्ये उंचवटे खोलगट दिसतात, तो बिघाड नव्हे.

पाहण्याचा दिवा

ट्यूबलाइटखाली चांगला होलोग्रामही निकामी वाटतो. प्रकाशाचा उगम पसरट असला की प्रत्येक भाग आपली वेगळी प्रतिमा देतो आणि सगळे मिळून धूसर होते. छोटा हॅलोजन स्पॉट किंवा ऊन सर्वांत चांगले. मोबाइलचा टॉर्च चालतो, पण पांढऱ्या एलईडीत गडद लाल प्रकाश कमी असल्याने प्रतिमा हॅलोजनइतकी भरीव दिसत नाही. दिव्याचा कोन लेसरच्या कोनाइतकाच ठेवा. प्लेटमागे काळा कागद धरला की प्रतिमा एकदम उठून येते. खोली मात्र मर्यादितच: प्लेटपासून काही सेंटीमीटर मागचे भाग पांढऱ्या दिव्यात धूसर होत जातात, आणि त्यावर या संचात उपाय नाही.

चांदीच्या प्लेटांशी तुलना

रशियातील पेरेस्लाव्ल-झालेस्कीच्या ‘स्लाविच’ने बनवलेल्या पीएफजी-०१ सारख्या सिल्व्हर हॅलाइड (चांदीच्या क्षाराच्या) प्लेटांना दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ८० मायक्रोजूल पुरतात. म्हणजे जिथे फोटोपॉलिमरला १० मिनिटे लागतात तिथे यांना दोन-तीन सेकंद. कंपनांशी झगडा जवळजवळ संपतो. पण त्यापुढे रसायनांचे काम सुरू होते. जेडी-२ या डेव्हलप करण्याच्या पद्धतीत कॅटेकॉल आणि अॅस्कॉर्बिक आम्लाचे एक द्रावण, सोडियम कार्बोनेटचे दुसरे, दोन्ही समप्रमाणात वापरण्याच्या वेळीच मिसळायचे. नंतर पोटॅशियम डायक्रोमेटचे ब्लीच. डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. हातमोजे, चष्मा, हवेशीर जागा आणि टाकाऊ द्रावणाची वेगळी व्यवस्था यांशिवाय त्याला हात लावू नये. शिवाय या प्लेटांच्या थरातले जिलेटिन वाळताना आकसते आणि लाल लेसरने केलेली प्रतिमा पिवळसर-हिरवट दिसू शकते. फोटोपॉलिमरचे आकसणे फार थोडे, लाल लालच राहतो. त्याच कंपनीच्या पीएफजी-०३एम प्लेटांचे कण ८ ते १० नॅनोमीटरचे, पीएफजी-०१ चे ४० च्या आसपास. त्यामुळे पहिल्या प्रकारच्या प्रतिमेची स्वच्छता डोळ्यात भरते, पण तिला प्रकाशही कितीतरी पट जास्त द्यावा लागतो.

शाळेच्या प्रयोगशाळेसाठी आणि पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी फोटोपॉलिमरचाच संच घ्यावा, यात आम्हाला शंका नाही. दहा मिनिटांची स्थिरता शिकता येते, डायक्रोमेट मुलांच्या हाती देता येत नाही. मात्र ज्यांना मोठ्या आकाराच्या प्लेटा हव्यात, किंवा दोन किरणांची मांडणी करायची आहे, त्यांनी हा संच घेऊ नये. ५ मिलिवॅटचा प्रकाश दोन वाटांत विभागला की उरत नाही. रंगीत होलोग्रामही यातून होणार नाही. त्याला लाल, हिरवा, निळा असे तीन स्थिर लेसर एकाच वाटेवर आणावे लागतात आणि तिन्ही रंगांना संवेदनशील प्लेट लागते.

खरेदीआधी दोन गोष्टी विचारून घ्या. प्लेटा नंतर सुट्या मिळतात का, आणि त्यांच्यावर वापराची मुदत छापलेली आहे का. पहिल्या खोक्यातल्या प्लेटा शिकण्यातच संपतात, खरे काम दुसऱ्या खोक्यावर होते. उरलेल्या प्लेटा प्रकाशबंद पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड थरावर ओल धरते.